व्होडाफोन आयडिया: सात रुपयांच्या शेअरचा हिशेब

"व्हीआय (व्होडाफोन आयडिया) सात रुपयांवर आलाय, दहा हजार शेअर घेऊन टाकू का? गेले तर सत्तर हजार, आले तर सात लाख." २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यात भाव या पातळीवर होता, तेव्हा असा विचार करणारे पुष्कळ होते. अडचणीतल्या कुठल्याही कंपनीचा शेअर एक आकडी भावावर आला की हाच विचार पुन्हा डोकं वर काढतो. यात एक गृहीतक न बोलता शिरलेलं असतं: सात रुपये म्हणजे स्वस्त. ते तपासायला अर्धा तास, कंपनीचा वार्षिक अहवाल आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. खालचे आकडे मी मुद्दाम मार्च २०२५ अखेरच्या वार्षिक निकालांतले घेतले आहेत. एक पूर्ण वर्ष एकसंध दिसतं आणि पद्धत नीट कळते. नंतरच्या तिमाहीचे आकडे त्याच जागी घालून हिशेब पुन्हा करता येईल.

सुरुवात भावापासून करू नका, शेअरच्या संख्येपासून करा. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर दर तिमाहीचा भागधारणा तक्ता असतो. त्यात एकूण शेअर किती ते लिहिलेलं असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एकत्र आल्या, तेव्हा एकूण शेअर होते सुमारे ८७३ कोटी. एप्रिल २०१९ मध्ये २५,००० कोटींचा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांनाच देऊ केलेले नवे शेअर) आला, भाव साडेबारा रुपये, दर ३८ शेअरमागे ८७ नवे. एका झटक्यात २,००० कोटी शेअर वाढले. पुढे प्रवर्तकांनी पैसे घातले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने १६,१३३ कोटींच्या व्याजाच्या बदल्यात १० रुपये भावाने शेअर घेतले. एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपयांनी १८,००० कोटींचा एफपीओ (आधीच बाजारात असलेल्या कंपनीने लोकांना विकलेले नवे शेअर) आला. एप्रिल २०२५ मध्ये स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरींच्या) थकबाकीपैकी ३६,९५० कोटींचे पुन्हा शेअर झाले, तेही १० रुपयांनीच. सरकारचा वाटा ४८.९९ टक्क्यांवर गेला आणि एकूण शेअर झाले सुमारे १०,८३४ कोटी. सात वर्षांत बारा पटीहून जास्त.

आता गुणाकार करा. १०,८३४ कोटी गुणिले ७ म्हणजे सुमारे ७५,८०० कोटी रुपये. हे कंपनीचं बाजारमूल्य. विलीनीकरणाच्या वेळी भाव पन्नासच्या आसपास होता, म्हणजे तेव्हाचं मूल्य ४४,००० कोटींच्या घरात. (आजच्या चार्टवर तो भाव कमी दिसतो, कारण राइट्सनंतर जुने भाव समायोजित केले जातात.) भाव पन्नासवरून सातवर घसरला, पण बाजार संपूर्ण कंपनीला जी किंमत देतोय ती २०१८ पेक्षा जास्त आहे. मधल्या काळात आलेला नवा पैसा आणि शेअरमध्ये बदललेलं कर्ज त्यात मिसळलेलं आहे. 

सात लाखांचं स्वप्नही याच गुणाकारात घालून बघा. भाव ७० व्हायचा तर बाजारमूल्य साडेसात लाख कोटींच्या वर जायला हवं. देशात एवढ्या मूल्याच्या कंपन्या मोजक्याच आहेत. एका रुपयाची वाढ म्हणजे १०,८३४ कोटी. "दोन-चार रुपये तर कधीही वाढेल" असं कुणी म्हणालं की ही रक्कम डोळ्यांपुढे आणावी.

रांगेत आपल्या पुढे कोण

पैसे मिळण्याच्या रांगेत भागधारक कायम शेवटी असतो. कंपनी नीट चालते तेव्हा ही रांग दिसत नाही, म्हणून तिचा विचार होत नाही. अडचणीतल्या कंपनीत मात्र सगळा प्रश्न रांगेचाच असतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये क्रम लिहिलेला आहे: प्रक्रियेचा खर्च, तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची देणी, इतर कर्मचारी, विनातारण कर्जदाते, सरकारी देणी, मग उरलेली कर्जं, प्रेफरन्स भागधारक आणि सगळ्यात शेवटी साधे भागधारक.

मार्च २०२५ अखेर व्होडाफोन आयडियाचं बँकांचं कर्ज फक्त २,३३० कोटी होतं. हा आकडा एकटा वाचला तर कंपनी जवळजवळ कर्जमुक्त वाटते, आणि अनेक जण तोच वाचून थांबतात. सरकारचं देणं मात्र ३६,९५० कोटींचं रूपांतर वजा करूनही सुमारे १.९५ लाख कोटी होतं. त्यातले जवळपास ७६,९०० कोटी एजीआरचे, उरलेले स्पेक्ट्रमचे. एजीआर म्हणजे कंपनीचं समायोजित सकल उत्पन्न, ज्यावर लायसन्स फी आकारली जाते. त्यात दूरसंचाराबाहेरचं उत्पन्न धरायचं का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि मूळ रकमेवर व्याज, दंड, दंडावरचं व्याज असं सगळं अंगावर आलं. ताळेबंदातली निव्वळ मालमत्ता उणे ७०,००० कोटींच्या आसपास होती. लेखापरीक्षकांच्या अहवालात कंपनी पुढे चालू राहण्याबाबत 'महत्त्वाची अनिश्चितता' असा स्वतंत्र परिच्छेद आहे. तो वाचल्याशिवाय कुठल्याही अडचणीतल्या कंपनीत एक रुपयाही घालू नये. त्यात लेखापरीक्षक नेमकं सांगतात की कंपनीचं अस्तित्व कशावर अवलंबून आहे.

आता कंपनी विकत घ्यायची झाली तर खरी किंमत किती पडते ते बघा. बाजारमूल्य ७५,८०० कोटी, अधिक सरकारचं देणं १,९५,००० कोटी, अधिक बँकांचं २,३३० कोटी, वजा हातातली रोकड सुमारे ९,९३० कोटी. बेरीज येते २.६३ लाख कोटी. सात रुपयांना शेअर घेणारा माणूस कंपनीची ही किंमत मान्य करत असतो.

एबिटडाचे दोन आकडे

या किमतीच्या बदल्यात कंपनी वर्षाला कमावते किती? इथे नवखा माणूस हमखास फसतो. २०२४-२५ चा जाहीर एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई) १८,१०० कोटींच्या वर होता. बातम्यांत हाच येतो. कंपनी आणखी एक आकडा देते, रोख एबिटडा, आणि तो होता सुमारे ९,२०० कोटी. निम्मा.

फरक टॉवरच्या भाड्याचा आहे. इंड-एएस ११६ या हिशेबपद्धतीप्रमाणे लांब मुदतीचं भाडं खर्चाच्या ओळीत येत नाही. ते घसारा आणि व्याज म्हणून खाली जातं, आणि एबिटडा त्याच्या वरच मोजला जातो. कागदावर भाडं नाहीसं झाल्यासारखं दिसतं, टॉवर कंपनीचं बिल मात्र दर महिन्याला रोखीने भरावंच लागतं. दूरसंचार, विमान कंपन्या, मल्टिप्लेक्स, किरकोळ विक्रीची दुकानं, जिथे जिथे भाडं मोठं असतं तिथे रोख एबिटडा शोधा. कंपनीने दिला नसेल तर रोकड प्रवाहाच्या पत्रकात 'लीज लायबिलिटी'ची परतफेड आणि तिच्यावरचं व्याज अशा दोन ओळी असतात. त्या दोन्ही एबिटडातून वजा करा.

२.६३ लाख कोटींना ९,२०० कोटींनी भागलं तर २८ पटींहून जास्त येतात. वाढ थांबलेल्या, ग्राहक गमावत असलेल्या मोबाइल कंपनीसाठी हे मूल्यांकन महाग आहे. माझ्या मते सात रुपयांच्या शेअरबद्दल लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच.

आता हप्त्याकडे. एजीआरच्या थकबाकीसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दहा वर्षं दिली, व्याज ८ टक्के. २०२१ च्या सवलत योजनेत चार वर्षं हप्ते थांबले. त्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२६ पासून मार्च २०३१ पर्यंत सहा वार्षिक हप्ते उरत होते. गृहकर्जाच्या हप्त्याचं सूत्र वापरा: ७६,९०० कोटी, ८ टक्के, सहा वर्षं. वार्षिक हप्ता साडेसोळा हजार कोटींच्या थोडा वर येतो. रोख कमाई ९,२०० कोटी. त्याच वर्षी नेटवर्कवर भांडवली खर्च झाला सुमारे ९,५०० कोटी, म्हणजे कमाई तिथेच संपली. हप्त्याचा सगळाच आकडा तुटीचा, किंबहुना थोडा जास्तच. स्पेक्ट्रमचे हप्ते यात धरलेलेच नाहीत.

ही तूट दरवाढीने भरून निघेल का? प्रति ग्राहक मासिक उत्पन्न, ज्याला सगळे आर्पू म्हणतात, मार्च २०२५ च्या तिमाहीत १७५ रुपये होतं. ग्राहक १९.८ कोटी. आर्पू दहा रुपयांनी वाढला तर वर्षाला सुमारे २,४०० कोटींचं उत्पन्न वाढतं. त्यातून ८ टक्के लायसन्स फी गेली की हातात सुमारे २,२०० कोटी. १७,००० कोटींची तूट भरायला असे आठ टप्पे लागतील, म्हणजे आर्पू २५५ रुपयांवर न्यायला लागेल. त्याच तिमाहीत एअरटेलचा आर्पू २४५ होता, जिओचा २०६ च्या आसपास. नेटवर्कने मागे असलेल्या कंपनीने सगळ्यांपेक्षा जास्त दर घ्यायचा आणि तरी एकही ग्राहक जाता कामा नये, असं हे गणित आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर काय झालं ते दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांत आहे: तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले, बीएसएनएलचे वाढले, आणि कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे व्हीआयची संख्या जूनमधल्या सुमारे २१ कोटींवरून मार्च २०२५ पर्यंत वीस कोटींच्या खाली आली.

म्हणून या शेअरचा प्रश्न "नेटवर्क सुधारतंय का" हा राहत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत ५जी सुरू झालं, ती सुधारणा खरी आहे, पण निकाल तिच्यावर ठरत नाही. सरकार देणं किती कमी करतं, किती पुढे ढकलतं आणि किती शेअरमध्ये बदलतं, यावर ठरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला एजीआरच्या थकबाकीचा फेरविचार करायला मोकळीक दिली, आणि भाव हलला तो अशा बातम्यांवर. सवलतीची कुठलीही बातमी आली की तिचे तीन भाग वेगळे करा. मूळ रकमेत कपात झाली तर ती भागधारकाच्या खिशात थेट येते. नुसती मुदतवाढ मिळाली तर थकित रकमेवर व्याज चालू आहे की गोठवलंय ते बघा, कारण व्याज चालू असेल तर डोंगर पुढच्या वर्षांत आणखी मोठा होऊन उभा राहतो. आणि शेअरमध्ये रूपांतर झालं तर संख्या किती वाढते ते मोजा.

रूपांतराबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. "सरकारने शेअर घेतले, आपला वाटा पातळ झाला, नुकसान झालं" हे अर्धंच खरं आहे. एप्रिल २०२५ मध्ये शेअर ७,१३९ कोटींवरून १०,८३४ कोटींवर गेले, म्हणजे जुन्या भागधारकाचा वाटा ३४ टक्क्यांनी कमी झाला, हे बरोबर. पण सरकारने बाजारात सात रुपयांना मिळणाऱ्या शेअरला दहा रुपये मोजले, कारण शेअरची दर्शनी किंमतच दहा आहे, आणि ३६,९५० कोटींचं देणं रांगेतून बाहेर पडलं. बाजारभावापेक्षा वरच्या दराने झालेलं रूपांतर जुन्या भागधारकाला वाईट नसतं. वाईट असतो तो बाजारभावाच्या खाली, पुन्हा पुन्हा, खर्च भागवण्यासाठी काढलेला इश्यू.

अडचण कुठल्या जातीची

सगळे पडलेले शेअर एकाच कारणाने पडत नाहीत. पेटीएमचं उदाहरण जवळचं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांनी आयपीओ आला आणि पहिल्याच दिवशी शेअर २७ टक्के आपटला. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घ्यायला बंदी केली, आणि पुढच्या दोन सत्रांत भाव ७६१ वरून ४८७ वर आला, दोन्ही दिवस २० टक्क्यांचं लोअर सर्किट (एका दिवसात भाव घसरण्याची कमाल मर्यादा). मे २०२४ मध्ये तो ३१० पर्यंत गेला. तेव्हा कंपनीकडे साडेआठ हजार कोटींहून जास्त रोकड होती आणि कर्ज नव्हतं. जून २०२४ च्या तिमाहीत तोटा झाला ८४० कोटी. तोटा त्याच वेगाने चालू राहिला असता तरी अडीच वर्षं पुरेल एवढा पैसा हातात होता. बँकेचं काम इतर बँकांकडे नेणं, यूपीआयसाठी तृतीय पक्ष म्हणून परवानगी मिळवणं, तिकिटांचा व्यवसाय झोमॅटोला २,०४८ कोटींना विकणं, हे सगळं करायला कंपनीला वेळ मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये भाव हजाराच्या वर गेला. आयपीओत घेतलेल्यांचे पैसे मात्र २०२५ संपेपर्यंतही वसूल झाले नव्हते. धंदा वाचणं आणि तुमची खरेदी किंमत परत येणं यांत मोठं अंतर असतं.

सत्यम ही आयटी कंपनी तिसऱ्या जातीची. ७ जानेवारी २००९ ला हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि शेअर एक आकडी भावावर आला. ताळेबंदातली रोकड खोटी होती, पण अभियंते आणि मोठी गिऱ्हाइकं खरी होती. सरकारने संचालक मंडळ बदललं, एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने कंपनी घेतली, आणि २०१३ मध्ये सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २ मिळाले. दहा रुपयांच्या आत घेतलेल्यांना मोठा फायदा झाला. तरीही त्या आठवड्यात ती खरेदी म्हणजे अंधारात उडी होती, कारण खरे आकडे कुणाकडेच नव्हते. त्यावरून नियम काढू नये.

आणि चौथी, रिलायन्स कम्युनिकेशन्स. २००८ च्या जानेवारीत आठशेच्या वर असलेला शेअर २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावरही रुपया-दोन रुपयांना खरेदी-विक्री होत राहिला. तिथे रांगेतल्या पुढच्यांनाच पुरेसे पैसे मिळायचे नव्हते. शेअरचा व्यवहार रोज होतोय याचा अर्थ त्यात काही मूल्य शिल्लक आहे, असा होत नाही.

दर तिमाहीला काय वाचायचं

निकालाच्या दिवशी निव्वळ तोट्याची ओळ शेवटी बघा. व्हीआयच्या तोट्यात व्याज आणि घसारा एवढा मोठा आहे (२०२४-२५ चा तोटा २७,३८३ कोटी) की त्यातून धंद्याची दिशा कळत नाही. आर्पू आणि ग्राहकसंख्या मात्र एकत्र वाचा. कमी पैसे देणारे ग्राहक निघून गेले तरी सरासरी आपोआप वाढते, म्हणून नुसता आर्पू वाढला यावर टाळी वाजवू नये. दोन्हींचा गुणाकार वाढतोय का ते बघा. त्यानंतर रोख एबिटडा, हातातली रोकड आणि भांडवली खर्च.

ट्रायचा मासिक अहवाल मोफत मिळतो आणि मला तो कंपनीच्या सादरीकरणापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. त्यात सर्कलनिहाय आकडे असतात. मुंबई वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यात एकूण ग्राहकांबरोबर व्हीएलआरवरचे, म्हणजे नेटवर्कवर प्रत्यक्ष जिवंत असलेले ग्राहकही दिलेले असतात. व्हीआयमध्ये हे प्रमाण एअरटेलपेक्षा बरंच कमी आहे. ड्रॉवरमध्ये पडलेलं सिम एकूण संख्येत मोजलं जातं, पण ते रिचार्ज करत नाही.

बँकांवरही लक्ष ठेवा. एफपीओनंतर कंपनी २५,००० कोटींचं बँककर्ज उभं करू पाहत होती आणि मार्च २०२५ पर्यंत ते आलं नव्हतं. ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि जे रांगेत आपल्या पुढे उभे राहणार आहेत, तेच थांबलेले असतील तर शेवटी उभ्या राहणाऱ्याने घाई का करावी?

घ्यायचाच असेल तर

हा सगळा हिशेब करूनही कुणी ठरवू शकतो की सरकार ही कंपनी बुडू देणार नाही. बाजारात दोनच खासगी कंपन्या उरणं सरकारला परवडणारं नाही, हा युक्तिवाद दुबळा नाही. पण कंपनी न बुडणं आणि छोट्या भागधारकाला परतावा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धरून रक्कम ठरवावी. भाव शून्य झाला असं समजून जी रक्कम सोडून देता येईल तेवढीच. शेअर गुंतवणुकीच्या दोन-तीन टक्क्यांच्या वर नको. मुलांच्या फीचे, घराच्या डाउन पेमेंटचे पैसे नकोत, उसने तर मुळीच नकोत.

स्टॉप लॉसच्या (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्रीला लागणारी ऑर्डर) भरवशावर मोठी खरेदी करू नका. पेटीएमच्या त्या दोन दिवसांत लोअर सर्किटला खरेदीदारच नव्हते, विक्रीच्या ऑर्डर नुसत्या लागून राहिल्या. रात्रीत आलेल्या आदेशापुढे स्टॉप लॉस चालत नाही.

सर्वांत जास्त पैसा ॲव्हरेज करण्यात जातो. पंधराला हजार शेअर घेतले, सातला आणखी हजार घेतले, सरासरी अकरा झाली. आता नुसतं बरोबरीत यायला ५७ टक्के वाढ हवी आणि अडकलेली रक्कम २२,००० झाली. खरेदी करण्याआधीच वहीत दोन ओळी लिहा: कुठली ठोस गोष्ट घडली तर आणखी घेईन, आणि कुठली घडली तर तोटा सोसून बाहेर पडेन. "मूळ रकमेत लेखी कपात", "बँककर्ज मंजूर", "सलग दोन तिमाही जिवंत ग्राहक वाढले" या ठोस गोष्टी झाल्या. "भाव आणखी पडला" ही नाही.

बाहेर पडताना कराचं बघा. विकल्याशिवाय तोटा धरता येत नाही. डीमॅटमध्ये लाल रंगात दिसणारा आकडा विवरणपत्रात चालत नाही. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा अल्प आणि दीर्घ, दोन्ही मुदतींच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षानंतरचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. अल्प मुदतीच्या नफ्यावर कर २० टक्के आहे आणि दीर्घ मुदतीच्या, सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा. त्यामुळे खरेदीला वर्ष पूर्ण व्हायच्या आत निर्णय घेतला तर त्याच तोट्याचा उपयोग जास्त होतो. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. आणि एकदा कंपनी दिवाळखोरीत जाऊन शेअरचे व्यवहार थांबले की विकायला बाजारच उरत नाही. म्हणून लिहून ठेवलेली बाहेर पडायची अट पूर्ण झाली की त्याच आठवड्यात विका, मार्चअखेरची वाट बघू नका.